मेण वितळेपर्यंत

"वहिनी, काळजी सोडा! आज गाडी गोगलगायीला लाजवेल!" नेदेल्चोनं बाह्या सरसावल्या.

"मला शेजारी चालायचंय, भाऊजी. एवढंच," तोतका म्हणाली. "लग्नापासून तुमच्या दादाच्या मागे धावतेय. बाजारात, स्टेशनवर, माझ्या बापाच्या अंत्ययात्रेतसुद्धा. कधी थांबले नाहीत. आज तरी बरोबर चालू दे."

तिचा नवरा पर्वान शवपेटीत शांत पडला होता. अंगणातली त्याची जुनी स्टेशन वॅगन मात्र, पेडलवर पाय नसतानाही, डरकाळ्या फोडत होती. तिची थ्रॉटल बॉडी झिजली होती. इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेचा दांडा ढिला पडून फटीतून भलतीच हवा आत शिरत होती.

नेदेल्चोनं ती उघडली. आत बोटभर काजळी!

"शी! दादाचा आळस!" त्यानं पेट्रोलनं घासून घासून ती चांदीसारखी चमकवली. गाडी सुरू केली. डरकाळी दुप्पट! ती फट आजवर काजळीनंच बुजवली होती.

नवा भाग मिळणार दूर प्लोव्हदिव शहरात, दफन तर आजच दुपारी. नेदेल्चोची नजर शवपेटीच्या उशाशी गेली. तिथे मधमाशांच्या शुद्ध मेणाच्या मेणबत्त्या जळत होत्या.

"अरे मेल्या, मेणबत्ती कुठे नेतोस?" शेजारची गाना म्हातारी ओरडली.

"मेलेल्याच्याच कामाला, आजी!"

फटीत मेण भरलं. थंड इंजिन मांजरासारखं घुरघुरू लागलं. सकाळपासून पहिल्यांदाच तोतकाचा चेहरा सैलावला.

अंत्ययात्रा निघाली. पुढे क्रॉस घेतलेले पाद्री साव्वा, मग मागचं दार उघडं ठेवून पेटी नेणारी गाडी, पेटीच्या कडेवर हात ठेवून चालणारी तोतका, आणि मागे सगळं गाव. चौकापर्यंत पर्वान बायकोच्या पावलानं चालला.

चौकात प्रार्थनेसाठी सगळे थांबले. मेण साधारण बासष्ट अंशांवर वितळतं. पाद्रीबाबांची प्रार्थना लांबली आणि इंजिन तापून त्याच्या बरंच पुढे गेलं.

"आमेन" झालं. नेदेल्चोनं क्लचवरचा पाय उचलला आणि गाडीनं उडी मारली!

"बाबा, बाजूला व्हा!"

पाद्रीबाबा झगा गोळा करून गटारात उतरले.

"ब्रेक दाब, गाढवा!" मागून कुणीतरी बोंबललं.

"दाबलाय की! ब्रेकही दादाचाच आहे!"

गाव धावू लागलं. मृताच्या नावानं वाटायला आणलेले गाना म्हातारीचे उकडलेले गहू रस्ताभर सांडले, कोंबड्यांची चंगळ झाली. पेटीवरून तोतकाचा हात केव्हा सुटला, ते नेदेल्चोनं आरशात पाहिलं आणि पुन्हा आरशात पाहिलं नाही.

दफनभूमीत दोघे भाऊच आधी पोचले. बऱ्याच वेळानं तोतका आली. रुमाल मानेवर घसरलेला, एक बूट गायब. तिनं धापा टाकत पेटीवर हात ठेवला.

"पोचलात?" ती पर्वानला म्हणाली. "नेहमीसारखेच."

माती देऊन होईपर्यंत इंजिन निवलं होतं. उरलंसुरलं मेण पुन्हा थिजलं होतं.

"वहिनी, बसा ना."

तिनं मान हलवली आणि एका बुटानं चालू लागली. नेदेल्चोनं गाडी सुरू केली. आवाजसुद्धा नाही! "बघा, आता कशी..." तो बोलू लागला आणि त्यानं पहिला गिअर टाकला.

घराच्या फाटकापर्यंत गाडी तिच्या अगदी शेजारून, पावलाला पाऊल लावून चालली. मागची जागा रिकामी होती.