अडचण असल्यास घंटा वाजवावी

तुळजापुरात देवळाकडे जाणाऱ्या बोळात वसंतरावांची तीन मजली इमारत होती. वर ते स्वतः राहत, खाली भाडेकरू. आपल्या भाडेकरूंची काही म्हणजे काही तक्रार नसते, हे ते आल्यागेल्याला अभिमानानं सांगत. तक्रार नसायची हे खरं, पण कारण वेगळं होतं. नळ गळतो म्हणून कुणी वर आलंच, तर वसंतराव त्याला चहा पाजत आणि नोकरीच्या काळात परंड्याला बिननळाच्या खोलीत आपण कसे मजेत राहिलो, ते ऐकवत. चहा संपे, गोष्ट संपत नसे. बिचारा माणूस नळ विसरून घर गाठी.

"लोकांना वर यायची धास्ती वाटते तुमची," पत्नी वनमालाबाई एकदा म्हणाल्या. "काहीतरी सोपं करा."

हे मात्र वसंतरावांच्या मनाला लागलं. त्यांनी माळ्यावरची पितळी घंटा काढली, चिंचेनं घासली आणि जिन्याच्या तोंडाशी टांगली. शेजारी सुवाच्य अक्षरात पाटी लावली: 'अडचण असल्यास घंटा वाजवावी. त्वरित निवारण होईल.'

गाव तुळजापूर, बोळ देवळाचा आणि पाटीवर निवारण! पुढं काय होणार हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. वसंतरावांना कळलं नाही.

दुसऱ्याच सकाळी घंटा वाजली. वसंतराव पान्हा घेऊन धावत खाली आले. एक अनोळखी बाई हात जोडून उभी होती.

"बोला, काय अडचण आहे?"

"पोराचं लगीन जमंना, म्हाराज. परंड्याहून आलेय. जुळत आलं की मोडतंय बगा."

वसंतरावांनी पान्हा पाठीमागं लपवला. आता हिला काय सांगावं? "श्रद्धा ठेवा, होईल," ते पुटपुटले. बाई पाया पडून गेली.

मग सोलापूरच्या गाड्या आल्या आणि घंटेला उसंत मिळेना. कुणाची म्हैस आटलेली, कुणाचा जावई रुसलेला. घंटेला हळदकुंकू लागलं, कवड्यांची माळ चढली. शेवटी वसंतरावांनी धावणं सोडलं. घंटा वाजली की खुर्चीतूनच ओरडत, "श्रद्धा ठेवा, होईल!" ते पेपरात गुंग असले, तर वनमालाबाई कणीक मळता मळता ओरडून टाकत.

एका रविवारी त्यांचा जावई शंतनू आला आणि वरच्या न्हाणीघरात शिरला. संडास तिथंच. जावयाला 'आटपा' कोणत्या तोंडानं म्हणणार? अगदीच निकडीची वेळ आली, तेव्हा वसंतराव गुपचूप खाली भाडेकरूंच्या संडासात गेले. काम झालं. कडी काढायला गेले, तर कडी जागची हलेना.

त्यांनी ती हळूच ओढली, मग दोन्ही हातांनी ओढली, मग देवीचं नाव घेऊन ओढली. अखेर लाज गुंडाळून ओरडले, "अहो, कोण आहे का? घंटा वाजवा कुणीतरी!"

घंटा घणघणली. वरून वनमालाबाईंचा आवाज आला, "श्रद्धा ठेवा, होईल!"

"मालक हायती व्हय आत?" दाराशी तळमजल्यावरच्या गजराबाई होत्या, बेंबळीहून सुनेकडं राहायला आलेल्या. "भिऊ नका. आमची मंजुषा पक्कड आणतीया. म्या बी परवा अशीच अडकले व्हते. लई येळ. गुडघं पार आखडलं."

"अहो, मग मला सांगायचं नाही का?"

"सुनंनं घंटा वाजिवली की. तुमी वरनं म्हनलात, श्रद्धा ठेवा."

वसंतरावांना आठवलं. परवा घंटा जरा जास्तच वाजत होती. 'काय भक्ती आहे लोकांची,' असं म्हणून त्यांनी पेपरचं पान उलटलं होतं. आणि तेव्हा ही म्हातारी इथं अंधारात बसली होती! त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता हे दार उघडूच नये, असं वाटू लागलं.

मंजुषानं फटीतून पक्कड घालून कडी खेचली आणि दार उघडलं. समोर ती, काठी टेकलेल्या गजराबाई, मागं यात्रेकरूंचा घोळका आणि जिन्यात ओल्या केसांचा जावई. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

"चुकलं माझं, गजराबाई," वसंतराव मान खाली घालून म्हणाले आणि तसेच बाजारात गेले. नवी कडी आणून त्यांनी समोर उभं राहून बसवून घेतली. मग शिडी लावून घंटा काढायला चढले. खाली मंजुषानं शिडी धरली होती.

तेवढ्यात परंड्याची बाई पुडा घेऊन हजर!

"म्हाराज, जमलं बगा पोराचं! घंटा वाजिवली अन् सोयरीक जुळली!" तिनं हात उंच करून शिडीवरच त्यांना पेढा दिला. वसंतरावांना खाली उतरवेना आणि पेढा गिळवेना.

"तुमी नशिबाच्या, मावशी," खालून मंजुषा म्हणाली. "तुमचं नुसत्या घंटेवर भागलं. आमची कडी बदलायला मालकांना आत कोंडून घ्यावं लागलं."