गळ्याखालची तिसरी फेरी

दौंडच्या काशीद सलूनमधल्या वादात सोपान ढमढेरे, म्हणजे आबा, हरले की त्याचा मार त्यांना घरी बसल्या जागी लागायचा.

पहिल्यांदा लागला तेव्हा ते पोह्याची बशी हातात घेऊन ओट्यावर बसले होते. उजव्या कानशिलात सणकन बसली. बशी एकीकडे, पोहे दुसरीकडे. आबांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. समोर फक्त शेजारच्यांची बकरी उभी होती, आणि तिचं तोंड काही मारणाऱ्याचं नव्हतं.

"कुणी मारलं रे?" आबा ओरडले.

आतून त्यांची बायको हौसाबाई म्हणाल्या, "तुम्हाला कोण मारणार? तुम्हीच मारत फिरायचा गावाला."

हे मात्र खरं. आबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते आणि पाच वर्षं राज्याचे मुष्टियुद्ध विजेते होते. अडतीस लढती खेळले. चार हरले, पण गुणांवर. अंगाला एकदाही जमीन लागू दिली नाही. आता वय चौऱ्याहत्तर. गुडघे गेले, ऐकू कमी येतं, पण आपण कधी पडलो नाही हे ते अजून भाजीवालीलासुद्धा सांगतात. तिनं विचारलेलं नसलं तरी.

पुढच्या महिन्याभरात बरगडी दुखली, ओठ फुटला, डावा डोळा वांग्यासारखा सुजला. डॉक्टर मुथांनी डोळा पाहिला, कागदावर काहीतरी खरडलं आणि विचारलं, "आबा, काशीदकडे तुमच्यावर वाद चालू आहे का?"

"कसला वाद?"

"तुम्ही तुमच्या ऐन उमेदीत असता आणि आजचा बॉक्सर तेजस भोईटे समोर असता, तर कोण जिंकलं असतं, असला."

"मग त्याचं मला काय?"

"मार कुणाला तरी लागणारच ना," डॉक्टर म्हणाले. "तोही मुलगा पुण्यात मलम लावत असेल. पण तो तेवीस वर्षांचा आहे. तुम्ही एकदा आडवे पडलात तर हा डोळा गेला म्हणून समजा. त्यापेक्षा सरळ लिहून द्या, की मी हरलो असतो. वादच मिटेल."

हौसाबाईंनी घरी गेल्यावर वही आणि पेन पुढं ठेवलं. आबांना सहीपुरतं लिहिता येत होतं, म्हणून मजकूर हौसाबाईंनी नातीकडून लिहून घेतला होता.

"करा सही."

"न खेळता हरू?"

"खेळताय की रोज! पोहे सांडताय, चहा सांडताय. चादरी मीच धुतेय."

आबांनी वही उशीखाली सारली आणि कारखान्यातली जुनी टोपी घालून काशीदकडे निघाले.

काशीद सलूनमधल्या वादाची रीत गावात सगळ्यांना ठाऊक होती. आबांनाच नव्हती, कारण ते दाढी घरी करायचे. खुर्चीत बसलेला माणूस रेफरी. त्याच्या तोंडाला फेस आणि गळ्याशी वस्तरा, त्यामुळं त्याला बोलता येत नाही, म्हणजे त्याची बाजू नाही. तो फक्त फेरी जिंकणाऱ्याकडे बोट दाखवतो. उजवा गाल म्हणजे पहिली फेरी, डावा गाल दुसरी, हनुवटी आणि गळा तिसरी. तुरटी फिरली की निकाल. इतकी वर्षं हे असंच चालत आलं होतं आणि कुणाची तक्रार नव्हती.

बाकावर दोघं बसले होते. आबांच्या बाजूनं बापू खैरे, निवृत्त गार्ड. तेजसच्या बाजूनं मिलिंद दुधाळ, व्यायामशाळावाला. हा दुधाळ मोबाइलवर जगभरच्या लढती बघायचा आणि जेवतानाही खांदे हलवायचा.

"बंद करा हे!" आबा दारातूनच म्हणाले. "मी असल्या बोलण्यानं आडवा होणारा माणूस नाही. मी सांगतो ना!"

काशीदनं वस्तरा चामड्यावर फिरवत मान हलवली. "आबा, तुम्हाला बाकावर बोलता येणार नाही."

"का? माझ्यावरच वाद आणि मीच बोलायचं नाही?"

"तुम्ही लढताय. लढणारा बोलत नसतो."

"बापू, तू तरी सांग याला."

बापूंनी नजर चुकवली. "रीत आहे आबा. मी तुमच्यासाठी जीव तोडून बोलतो. पण हा दुधाळ आकडे सांगतो हो. मला आकडे येत नाहीत."

आबांनी दुकानात नजर फिरवली. बाकावर जागा नव्हती. खुर्ची रिकामी होती. ते जाऊन खुर्चीत बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"दाढी कर."

काशीद घुटमळला. त्यानं बापूंकडे पाहिलं, बापूंनी दुधाळकडे पाहिलं. लढणारा रेफरी असू नये असं कुणी कधी ठरवलंच नव्हतं, कारण दोघं एका वेळी एकच माणूस असतील असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"खुर्चीत बसला तो रेफरी," दुधाळ शेवटी म्हणाला. "मला चालेल. आबा खोटं बोट दाखवणार नाहीत."

काशीदनं कापड बांधलं. फेस लावला. आबांचं तोंड बंद झालं.

पहिली फेरी बापूंनी मारली. आबांचा उजवा हात कसा होता, तो खाल्लेल्या पुण्याच्या एका बॉक्सरला स्वतःच्या ओळखपत्रावरचं नाव वाचायला दोन दिवस कसे लागले, सगळं सांगितलं. आबांच्या मुठीला काहीतरी मऊ लागल्यासारखं झालं, एखाद्याचं पोट असावं तसं. त्यांनी बापूंकडे बोट केलं. मनात म्हणाले, बेट्या भोईटे, कळलं का आता.

दुसऱ्या फेरीत बापूंना चेव आला. "अरे, शहात्तर साली हा माणूस मोडलेल्या हातानं खेळला! मोडलेल्या!"

आबांना घाम फुटला. हात मोडला नव्हता. मुरगळला होता. हळद लावली होती आणि चार दिवसांत बरा झाला होता. हे फक्त त्यांना आणि हौसाबाईंना माहीत होतं. आता ते रेफरी होते. त्यांनी कापडाखाली बोट बराच वेळ धरून ठेवलं, आणि मग दुधाळकडे केलं.

"आबा!" बापू उठून उभे राहिले. "अहो, मी तुमच्या बाजूनं आहे!"

त्याच क्षणी आबांच्या बरगडीत बसली. फेसातून हुं एवढाच आवाज आला.

"हलू नका, कापेल," काशीद म्हणाला आणि त्यांची मान मागं करून गळ्याला वस्तरा लावला. तिसरी फेरी सुरू झाली.

दुधाळ या वेळी मोबाइलकडे बघत नव्हता. हळू आवाजात म्हणाला, "बापू, मी आबांचे जुने फोटो बघितले. कारखान्यातले, पेपरातले, सगळे. आबा उजवा मारतात ना, तेव्हा त्यांचा डावा हात खाली येतो. इतकासाच. चार बोटं. तेव्हा कुणाला दिसला नाही. तेजसला दिसला असता."

बापू म्हणाले, "फोटो जुने आहेत."

आबांना आठवत होतं. डावा खाली यायचा. अडतीस लढतींच्या आदल्या रात्री झोपताना त्यांना वाटायचं, उद्या कुणाला तरी दिसणार. कुणालाच दिसला नाही. पन्नास वर्षांनी दिसला, तोही जेवताना खांदे हलवणाऱ्याला. त्यांना राग यायला हवा होता. पण कुणीतरी एकदाचं नीट पाहिलं याचं बरंही वाटत होतं, आणि त्यातलं नेमकं काय वाटतंय ते त्यांना कळेना.

मग सुजलेल्या डोळ्यावर ठोसा बसला. दुकान फिरलं. आरशातला आबा दिसेनासा झाला, खुर्चीतला दिसेनासा झाला, आणि पाठीला गार जमीन लागली. पाठ तर खुर्चीला होती. तरी जमीन लागली.

"पडले," काशीद हळूच म्हणाला.

"रेफरी, मोजा," दुधाळ म्हणाला.

आबांनी कापडाखालून दोन्ही हात काढले. रेफरीला मोजावंच लागतं. एक बोट. दोन. तीन. ते घाई करत नव्हते आणि मुद्दाम उशीरही करत नव्हते, कारण मोजणारा कसा मोजतो ते पडणाऱ्याला चांगलं कळतं. सहा. सात. आठ. एका डोळ्यासमोर अंधार येत चालला होता. नऊ.

डाव्या हाताचा अंगठा तेवढा मिटलेला राहिला.

मग आबा खुर्चीतून उठले. गळ्यात कापड, हनुवटीला फेस, नऊ बोटं वर. तसेच दाराकडे निघाले.

"अहो, गळा राहिला!" काशीद वस्तरा घेऊन मागं धावला.

"राहू दे."

"उठले!" बापू ओरडले. "नऊला उठले! लढत चालू!"

"उठला तो रेफरी उठला," दुधाळ म्हणाला. "लढणारा खालीच आहे."

दोघांनी काशीदकडे पाहिलं. काशीदनं पुष्कळ विचार केला. शेवटी म्हणाला, "तुरटी फिरली नाही. निकाल नाही."

आणि निकाल नाही म्हणजे नवी लढतही नाही. दुकानात गिऱ्हाइकं आली, दाढ्या झाल्या, पण बाकावर लोक हवापाण्याचं बोलू लागले.

आबांच्या डोळ्याची सूज आठवड्यात उतरली. गालांची दाढी ते घरीच करायचे, हनुवटीला हात लावायचे नाहीत. तिथं पांढरी दाढी वाढली, गळ्यापर्यंत आली. डावा अंगठा त्यांनी तेव्हापासून उघडला नाही. पायजम्याची नाडी हौसाबाई बांधायच्या. वहीतला सहीचा कागद हौसाबाईंनी एक दिवस फाडला आणि गहू निवडताना ताटाखाली घातला.

दिवाळीच्या आत पुण्याहून फोन आला. हौसाबाईंनी आबांच्या कानाला धरला.

"आबा, मी तेजस भोईटे. समोरचा पडला की आपण कोपऱ्यात जाऊन थांबायचं असतं ना? तसा मी खोलीच्या कोपऱ्यात उभा आहे. चार महिने झाले. जेवणही इथंच देतात. तुमचं काही ठरलं का?"

आबांनी मिटलेल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"भिंतीला टेकलायस?"

"थोडा टेकलोय."

"टेकू नको. सरळ उभा राहा. आणि तुझा डावा कुठंय?"

पलीकडे पाय सरकल्याचा आवाज आला.

"खाली आलाय, आबा."

"वर घे," आबा म्हणाले. "मी मोजतोय अजून."