बोलिव्हियाची तयारी आणि कुठंतरी मुरणारं पाणी

मराठवाड्यातला पहिला आणि त्याच्याच म्हणण्याप्रमाणे शेवटचा शास्त्रशुद्ध गुप्तहेर म्हणजे बद्रीनाथ. घारीची नजर, मुंगीचं नाक, सशाचे कान आणि मांजरसुंब्यापासून गेवराईपर्यंत गुन्हेगारांना झोपेत दचकवणारं नाव. हे सगळं त्यानं दारावरच्या पाटीवर रंगवून घेतलं होतं. पाटी लहान पडली म्हणून बुद्धीचा उल्लेख राहून गेला. राहिला ते बरंच झालं, असं कचरूला वाटायचं. पण कचरू त्याचा मदतनीस, त्यामुळे वाटलेलं बोलून दाखवायची सोय नव्हती.

बद्रीनाथ आधी गावच्या दूध सोसायटीत होता. दुधात काचेचं लॅक्टोमीटर सोडायचं आणि पाणी किती घातलंय ते सांगायचं, एवढंच काम. झाडून साऱ्या गवळ्यांना त्यानं रडवलं. मग एकदा बेसावधपणे चेअरमन मोहनरावांच्या घरून आलेल्या कॅनमध्ये त्यानं लॅक्टोमीटर सोडलं. दुसऱ्या दिवसापासून तो गुप्तहेर झाला.

"मी राजीनामा दिला बे," तो कचरूला सांगायचा. "एवढी अक्कल दुधात कावून वाया घालवायची?"

"बरोबर हाय नाना."

"नाना न्हाई. सर म्हन."

"बरोबर हाय, नानासर."

तर ह्या नानासरांना खुद्द मोहनरावांनी बोलावणं धाडलं, तेव्हा मे महिना होता आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष. सोसायटीच्या आवारात एक मोठी काळी टाकी होती. टँकर आला की ती भरायची, आणि तिच्यातून सकाळी घरटी दोन हंडे पाणी मिळायचं. दोघं ऑफिसात शिरले तर मोहनराव खुर्चीत बसलेले. अंगात लोकरी स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायात घोट्याच्या वर चढणारे नवेकोरे बूट. बाहेर कुत्री सावलीला लोळत होती.

"साहेब, थंडी वाजून आली का?" कचरूनं काळजीनं विचारलं.

"तयारी चाललीय," मोहनराव घाम पुसत म्हणाले. "संचालक मंडळ बोलिव्हियाला चाललंय. अभ्यास दौरा."

बोलिव्हिया म्हणे एवढ्या उंचावर, की तिथं माणसाला चार पावलांत धाप लागते. तिथले लोक म्हणे पाणी सहकारी पद्धतीनं वाटून घेतात. ते कसं वाटतात हे बघायला आपल्या सोसायटीचे आठ संचालक समुद्र ओलांडून जाणार होते. पुण्याहून सहल कंपनीचा माणूस येऊन सगळं समजावून गेला होता. कपडे एकावर एक घालायचे. नवे बूट इथंच वापरून पायाला सरावाचे करायचे. रोज तीन-चार लिटर पाणी प्यायचं. आणि महिनाभर पाठीवर वजन घेऊन एखादी टेकडी चढायची, म्हणजे दम वाढतो. गावाला टेकडी होतीच. दुष्काळात एवढी एकच गोष्ट आटली नव्हती.

"ते जाऊ द्या," मोहनराव म्हणाले. "टाकीतलं पाणी चोरीला जातंय. रात्री कुलूप लावताना काठोकाठ, सकाळी बायका हंडे घेऊन येईस्तोवर वीतभर खाली. पोलिसांना सांगायची सोय नाही, ते मेले टँकरच्या खेपा मोजत बसतील. चोर मात्र पलीकडच्या वस्तीतला असणार."

"कशावरून साहेब?" बद्रीनाथनं वही काढली.

"वस्ती पलीकडं आहे, त्यावरून. शुक्रवारपर्यंत चोर सापडला नाही तर वस्तीचे हंडे बंद."

पलीकडची वस्ती म्हणजे टेकडीच्या मागच्या उतारावरची बौद्ध वस्ती. संशय कुठं जायचा, हे गावात शोध लावायच्या आधीच ठरलेलं असतं. कचरूचं घर त्याच वस्तीत. म्हातारी आई, बायको छबुबाई आणि एक शेळी. टँकर वस्तीवर चढत नाही म्हणून छबुबाई टेकडीला वळसा घालून टाकीवर यायची. ही टाकी बंद झाली तर दोन कोसांवरची विहीर, आणि तिच्यात पाण्यापेक्षा पोहऱ्यांची गर्दी जास्त.

"नाना, ह्यो तपास लागलाच पायजे," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"लागनारच! साहेब म्हनले, एक संचालक गुडघ्यानं गळालाय. चोर सापडला तर त्याच्या जागी मी. सुरक्षा अधिकारी म्हनून, बोलिव्हियाला! उद्यापासनं मलाबी टेकडी चढायची हाय."

म्हणजे एकाच तपासावर कचरूचे हंडे आणि बद्रीनाथचं विमान, दोन्ही टांगलेले होते.

तपास जोरात सुरू झाला. पहिल्यांदा बद्रीनाथनं टाकीत लॅक्टोमीटर सोडलं, बराच वेळ डोळे बारीक करून पाहिलं आणि जाहीर केलं, "पान्यात दुधाची भेसळ न्हाई." एक शक्यता निकालात निघाली. दुसरा संशय सूर्यावर होता. त्यासाठी परातीत पाणी ओतून तो उन्हात पहाऱ्याला बसला. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. जागा झाला तर परात कोरडी. "सूर्यच!" तो ओरडला. परातीशेजारी एक म्हैस जीभ फिरवत उभी होती. मग संशय म्हशीवर गेला. पण ती म्हैस मोहनरावांची निघाल्यावर तिचं नाव तपासातून सन्मानानं वगळण्यात आलं.

बुधवारी टाकीपाशी टायरचा ठसा सापडला.

"वाळूवाले!" बद्रीनाथ गुडघ्यावर बसून म्हणाला. "गोदावरीची वाळू उपसनारी टोळी. वाळू धुवायला पानी लागतं. कळलं का बे?"

"नाना, ह्यो आपल्या टँकरचा ठसा हाय."

"म्हंजे टोळीनं टँकरचं टायर चोरलं!"

"अन् टँकर कशावर आलता मंग?"

"हाच तर खरा सवाल हाय," बद्रीनाथ गंभीरपणे म्हणाला आणि तो सवाल त्यानं तसाच सोडून दिला.

ह्या सगळ्यात रोज पहाटे तो संचालकांबरोबर टेकडीची तालीम मात्र चुकवत नव्हता. सोसायटीचा शिपाई आठ पिशव्या भरून ठेवायचा. बूट करकरवत, फुशारत, धापा टाकत ही वरात टेकडी चढायची आणि उतरताना पिशव्या कशा अगदी हलक्या फुलासारख्या. कचरू पायथ्याला सगळ्यांच्या चपला राखत बसायचा.

गुरुवारी बद्रीनाथ खाली आला तो डोळे विस्फारूनच.

"कचरू, लई मोठा धागा सापडला! टाकीपासनं टेकडीपर्यंत पान्याचे थेंब. मी थेंबांच्या मागं लागलो, पन पुढं एकबी थेंब न्हाई! वळून बघतो तर थेंब माझ्या टाचेपर्यंत आलेले. ताजे!"

"म्हंजे?"

"म्हंजे चोर माझ्या मागावर हाय! मी थांबलो की थांबतो. मी चाललो की चालतो. असा पाठलाग मी आयुष्यात पायला न्हाई."

बद्रीनाथनं स्वेटर काढला तसं कचरूनं त्याच्या पाठीकडं पाहिलं. सदरा कमरेपर्यंत भिजलेला होता. पण मे महिन्यात स्वेटर घालून टेकडी चढलेल्या माणसाचा सदरा भिजणारच.

"नाना, पिशवीत काय असतं हो तुमच्या?"

"वजन," बद्रीनाथ म्हणाला.

कचरूला वाटलं, दगड असतील. आणखी विचारायचं त्याला सुचलं नाही, आणि पुढं कित्येक दिवस त्याबद्दल त्यानं स्वतःला शिव्या घातल्या.

संध्याकाळी तो तोंड पाडून घरी आला. छबुबाई दारात शेळीचा पाय धरून बसली होती.

"आवं, हिकडं या. ह्ये बघा."

"काय झालं? लंगडती का?"

"लंगडायला काय धाड भरलीय तिला! खुराला चिखल हाय. दोन दिसापासनं बघतीया. ह्या गावात माणसाच्या डोळ्याला पानी न्हाई, अन् हिला चिखल कुठला घावतो?"

कचरूनं धावत जाऊन बद्रीनाथला आणलं. त्यानं भिंगातून खूर पाहिला, वास घेतला, आणि शेळीच्या डोळ्यात डोळे घालून उभा राहिला. शेळीनं नजर वळवली नाही.

"सराईत हाय," तो म्हणाला. "टोळीचा निरोप्या असनार. कचरू, हिच्यावर पाळत ठेव. दाढीवाल्यांपासून सावध."

"आवं नानासर," छबुबाई कपाळाला हात लावून म्हणाली, "शेळी कुठं जाती ते बघायला पाळत कशाला लागती? मागं चालत गेलं की झालं!"

"हा प्राथमिक विचार झाला," बद्रीनाथ हसून म्हणाला. "शास्त्रात बसत न्हाई." आणि तो उद्याच्या तालमीसाठी लवकर झोपायला निघून गेला.

शुक्रवार उजाडला. आज हंडे बंद. वस्तीतल्या बायकांना टाकीवर जायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून रिकामे हंडे घेऊन त्या छबुबाईच्या मागं निघाल्या, छबुबाई शेळीच्या मागं, आणि सगळ्यांच्या मागं मान खाली घालून कचरू. शेळी सरळ टेकडीच्या माथ्यावर गेली आणि चरायला लागली. बायका जागच्या जागी थबकल्या. सगळी टेकडी जळून करपलेली आणि माथ्यावर अंगणाएवढा हिरवागार तुकडा. गवत टचटचीत. खाली चिखल.

"आगं बया!" त्यांच्यातली सरूबाई म्हणाली आणि तिनं कमरेचा मोबाइल काढून व्हिडिओ सुरू केला.

तेवढ्यात पलीकडून करकर ऐकू आली. माकडटोप्या वर आल्या, मग तोंडं, मग स्वेटर. आठ जणांनी हाश्शहुश्श करत पिशव्या खाली टेकवल्या, त्यातून प्लास्टिकचे कॅन काढले, टोपणं फिरवली आणि रोजच्या सवयीनं भळाभळा उपडे केले. सगळ्यांत पुढं बद्रीनाथ. कॅन उपडा धरूनच त्यानं वर पाहिलं आणि समोर वीस-पंचवीस रिकामे हंडे दिसले.

"कुनी हलू नका!" तो ओरडला. "चोर इथंच कुठंतरी हाय!"

"हाय की," कचरू म्हणाला. त्याचं डोकं भणाणून गेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा तो बद्रीनाथवर ओरडला. "तुमच्याच हातात हाय नाना! माझी आई दोन घोटांवर दिस काढती, अन् तुमी माझ्यासंगं चोर हुडकत हिंडता? लाज वाटू द्या जरा!"

बद्रीनाथनं हातातल्या कॅनकडं पाहिलं. मग टाचेपर्यंतच्या थेंबांकडं. मग त्यानं घाईनं कॅन सरळ केला.

मोहनराव पुढं झाले. "गैरसमज करून घेऊ नका. शिपायानं टाकीतून भरलं असलं तरी हे पाणी नाही, वजन आहे. वजन घेऊन चढायचं असतं आणि उतरताना गुडघे जातात म्हणून वर ओतून द्यायचं असतं. पुण्याच्या माणसानंच सांगितलंय."

"अन् वजनाला दगड कावून घेतले न्हाईत?" छबुबाईनं विचारलं. "दगडाचा काय दुष्काळ हाय का बीडात?"

मोहनराव जरा घुटमळले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "संचालकांनी दगड उचलून टेकडी चढायची? लोक काय म्हणतील? सोसायटीचं मंडळ रोजगार हमीवर लागलं म्हणतील."

सरूबाईनं मोबाइल आणखी जवळ नेला. मोहनरावांनी मोबाइलकडं पाहिलं, बायकांकडं पाहिलं, आणि दोन महिन्यांवर आलेल्या सोसायटीच्या निवडणुकीकडं मनातल्या मनात पाहिलं.

"कशाला उगी वाढवायचं," ते घसा साफ करत म्हणाले. "वस्तीचे हंडे चालू. चोरी झालीच नव्हती. काय बद्रीनाथ?"

"माझा आधीपासून तोच निष्कर्ष होता," बद्रीनाथ म्हणाला.

"अन् तयारी?" छबुबाई म्हणाली. "ती थांबवू नका बरं. परदेशात जाऊन धाप लागली तर आमच्या सोसायटीची इज्जत जाईल." तिनं डोक्यावरचा हंडा उतरवला आणि मोहनरावांच्या बुटापाशी ठेवला. त्यांच्या कॅनमध्ये अजून निम्मं उरलं होतं. "वता ह्याच्यात. वजनच हाय न्हवं?"

मोहनरावांनी ओतलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. मग दुसऱ्या संचालकानं, मग तिसऱ्यानं. बद्रीनाथच्या कॅनमध्ये तळाला तांब्याभर राहिलं होतं, ते कचरूनं त्याच्या हातातून काढून आईच्या लोट्यात घेतलं. शेळी मधोमध उभी राहून मजेत चरत होती.

संचालक उतरायला लागले. टेकडीला वळसा घालून हंडे वाहण्यात जिची जवानी गेली, ती छबुबाई भरलेला हंडा डोक्यावर घेऊन त्यांच्याकडं बघत उभी होती. वस्ती तिथून हाकेवर. इतकं जवळ पाणी तिला आजवर कुणी आणून दिलं नव्हतं.

"चेअरमनसाहेब!" तिनं वरून हाक मारली. मोहनराव दचकून थांबले.

"उद्या जरा लौकर या, उनाच्या आत. अन् जमलं तर दोन डायरेक्टर वाढवा."