हिरडीचं ठिगळ

मुफ्लेहच्या मोठ्या मुलीला जुळ्या मुली झाल्या ते वर्ष २००९. त्याच वर्षी मुफ्लेहने स्वतःच्या तोंडातल्या टाळूचा तुकडा कापून खालच्या दातांपाशी शिवून घेतला. जुळ्यांची बातमी अजलूनच्या डोंगरातल्या सगळ्या गावांत पोचली. तुकड्याची बातमी फक्त त्याच्या बायकोला होती.

लपवण्याला कारण होतं. दातांच्या बाबतीत मुफ्लेह फार बोलून बसला होता. त्याचा चुलतभाऊ अबू वासिल याने कवळी बसवली, तेव्हा मुफ्लेहने भर पंगतीत त्याला विचारलं होतं, की झोपताना ती पेल्यात ठेवतोस, तर ती पेल्यातून घोरते का. बापाकडून आलेली अर्धी जमीन गेली पण दात एकही गेला नाही, असं तो येईल त्याला सांगे. ते खरंही होतं. चाळीस वर्षं त्याने मिसवाकच्या काडीने दात असे घासले, जसं कोणी करपलेलं पातेलं घासावं. दात राहिले, हिरड्या उतरल्या. गार पाणी लागलं की डोळ्यांत पाणी यायचं.

इर्बिद शहरातल्या डॉक्टर लुबनाने त्याच्या हातात आरसा दिला. म्हणाली, "काका, भिंत पक्की आहे, पण पायाची माती वाहून गेलीय." मग तिने टाळूची चकती कापून खालच्या चार दातांपाशी लावली, वर गुलाबी लेपाचं लिंपण केलं आणि बजावलं, की दहा दिवस गरम काही तोंडात घालायचं नाही, बोलायचं जेमतेम आणि ओठ ओढून कुणाला दाखवायचं नाही. टाके रेशमासारखे बारीक आहेत, एक गरम घोट गेला तर सगळं फुकट.

घरी बायकोने, उम्म हायलने, त्याचं सुजलेलं तोंड बघितलं आणि म्हणाली, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा ह्या घरात माझं बोलणं पूर्ण होणार."

हे झालं मंगळवारी. बुधवारी निरोप आला, की पुढच्या महिन्यात ठरलेली मागणी आता येत्या शुक्रवारीच करायची, कारण मुलीच्या भावाची कुवेतची रजा संपत होती.

मागणी होती गालिबची. गालिब म्हणजे मुफ्लेहच्या धाकट्या भावाचा, जमीलचा मुलगा. जमील जाऊन सतरा वर्षं झाली होती, आणि तो गेला तेव्हा दोघा भावांचं बोलणं बंद होतं. कारण एवढंसंच. मुफ्लेह फौजेत, जर्क्याच्या छावणीत असताना त्याने बांधावरचं बापाच्या हातचं अंजिराचं झाड जमीलवर सोपवलं होतं. ते एका उन्हाळ्यात वाळलं. जमील कुराणावर हात ठेवून सांगत राहिला, की मी रोज पाणी घातलं. मुफ्लेह म्हणाला, की झाडं खोटं बोलत नाहीत. जमील गेल्यावर त्याने गालिबला शिकवलं, मोठं केलं, पण आत काहीतरी ठुसठुसत राहिलं ते राहिलंच. ह्या पोराचं लग्न नीट लावून द्यायचं, एवढं एकच काम त्याने आता आयुष्याकडून मागितलं होतं. मुलगी शेजारच्याच ओदेहची, मैसून. पोरांचं एकमेकांवर मन होतं आणि इर्बिदला एक घरही त्यांनी बघून ठेवलं होतं.

उम्म हायल म्हणाली, की सरळ सांगा हिरडी शिवलीय म्हणून. मुफ्लेहने मान हलवली. अबू वासिलला हे कळलं तर कवळीचं व्याज तो मरेपर्यंत वसूल करेल. घसा बसलाय असं सांगायचं ठरलं. बोलायचं काम अबू वासिलकडे दिलं. पण मागणीला गेलेल्यांचा वडीलधारा मुफ्लेहच होता, आणि त्याच्यापुढे ठेवलेला कॉफीचा पेला दुसरं कोणी पिऊ शकत नव्हतं. मागणी मान्य होईपर्यंत त्याने तो उचलायचा नाही, आणि मान्य झाल्यावर उचलायचाच. पेला राहिला म्हणजे मागणी राहिली.

शुक्रवारी नमाजानंतर साठ माणसं ओदेहच्या बैठकीत बसली. ओदेहचा भाऊ अबू सत्ताम, पोट पुढे आणि किटली त्याच्याही पुढे अशा थाटात आला आणि मुफ्लेहसमोर वेलदोड्याची कडू कॉफी ओतून गेला. वाफ निघत होती. अबू वासिलने कवळी सावरत चांगलं लांबलचक भाषण केलं. ओदेहने ते ऐकून घेतलं आणि मुफ्लेहला हायलचा बाप ह्या मानाच्या नावाने हाक मारत हसून म्हणाला, "मुलगी तुमचीच आहे. कॉफी प्या, अबू हायल."

मुफ्लेहने पेल्याला बोट लावलं. चटका बसला. त्याने हात मांडीवर परत ठेवला आणि ठरवलं, की थोडी निवू द्यावी.

साठ माणसांत थोडं म्हणजे फार असतं. कुणीतरी खोकलं. ओदेहला वाटलं, सोन्याचं अडलं असेल. तो म्हणाला, की सोनं तुमच्या खुशीने घाला, नाही घातलंत तरी माझी तक्रार नाही. मुफ्लेहने आभाराची मान हलवली आणि पुन्हा बोट लावलं. आता कोमट होत आली होती. तेवढ्यात अबू सत्ताम लगबगीने पुढे आला. आपल्या घरात पाहुण्यापुढे कॉफी गार व्हावी ह्याची त्याला लाज वाटली. त्याने पेला झटकून रिकामा केला आणि नवी, उकळती ओतली.

पुढचा अर्धा तास असाच गेला. कॉफी निवायला आली, की अबू सत्ताम ती बदलायचा, आणि ती बदलली, की ओदेह आणखी काहीतरी सोडायचा. जेवणावळ आमच्याकडे, म्हणाला. खोलीभर सामान आम्ही देऊ, म्हणाला. तरी पेला तसाच. शेवटी तो म्हणाला, की इर्बिदच्या घराचा हट्टही आमच्या पोरीने सोडला असं समजा, पोरं इथेच, गावात, तुमच्या नजरेसमोर राहतील. कोपऱ्यात बसलेला गालिब पांढरा पडला. ते घर त्याचाच हट्ट होता.

अबू वासिल कानाशी वाकला. "अरे, हवंय तरी काय तुला? मला तरी सांग."

मुफ्लेहने बोटं जुळवून हात वरखाली केला. म्हणजे थांब, निवू दे. अबू वासिल सरळ बसला आणि शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "अजून आहे. पोटात काहीतरी मोठं आहे."

आता सगळे आपल्या तोंडाकडे बघतायत म्हटल्यावर मुफ्लेहने तोंडच फिरवलं आणि तो खिडकीबाहेर बघू लागला. बाहेर बांध होता. बांधावर अंजिराचं जुनं खोड होतं, कमरेएवढं, काळं. मुफ्लेहला ते दिसतही नव्हतं. तो मनात शंभरपर्यंत आकडे मोजत होता.

ओदेहने त्याच्या नजरेमागे नजर नेली. खोडापाशी ती थांबली. त्याचा चेहरा उतरला.

"मुफ्लेह," तो म्हणाला. अबू हायल नाही, मुफ्लेह, लहानपणी हाक मारायचा तसं. "बस कर आता. कळलं मला."

त्याने खोडाकडे बोट केलं.

"त्याची मुळं माझ्या पाण्याच्या टाकीत शिरली होती. टाकीला तडे गेले होते. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं नसतंस, बापाचं झाड म्हणून. तू फौजेत होतास. दुपारी सगळे झोपले, की मी मुळांत डिझेल ओतलं. तीन दिवस, तीन डबे." त्याने रुमालाने तोंड पुसलं. "जमील बिचारा पाणीच घालत होता. मी गच्चीवरून बघायचो. जळतंय म्हणून तो आणखी घालायचा. वीस वर्षं तू मनात ठेवलंस आणि आज मागतोयस, तर माग. मी सगळ्यांसमोर माफी मागतो."

लोकांना आधी हसू आलं. झाडासाठी एवढं? मग मुफ्लेहचं तोंड बघून कोणी हसलं नाही. अबू सत्तामने अजून काय करावं हे न सुचून पुन्हा ताजी कॉफी ओतली.

मुफ्लेहने पेला उचलला आणि एका घोटात रिकामा केला.

बायकांच्या बाजूने आनंदाची किलकारी उठली. पुरुषांनी मागणी पक्की झाल्याची फातिहा म्हटली. मुफ्लेहच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ओदेह त्याला मिठी मारून रडत होता. असं मन मोठं असावं, असं म्हणत लोक घरी गेले.

सोमवारी डॉक्टर लुबनाने लेप काढला. चकती पांढरी पडून सुटली होती. "काका, काय गरम घेतलंत?" तिने विचारलं. मुफ्लेह म्हणाला, कॉफी. टाळूची दुसरी बाजू शिल्लक आहे, पुन्हा करता येईल, असं तिने सांगितलं. तो नको म्हणाला. तिथून तो घरी न जाता कबरस्तानात गेला. टाळू सोललेली, ओठ सुजलेला, शब्द धड फुटत नव्हता. तरी तो जमीलशी तासभर बोलला. काय बोलला, ते त्याने उम्म हायललाही सांगितलं नाही.

लग्न झालं. पोरं एक वर्ष नजरेसमोर राहिली आणि मग इर्बिदलाच गेली. मुफ्लेहची मात्र सगळ्या डोंगरात कीर्ती झाली. ज्याची मागणी अडली तो त्याच्याकडे येऊ लागला, की तुम्ही फक्त येऊन बसा, बोलू नका. तो एकाही ठिकाणी गेला नाही. पाच वर्षांत खालचे दोन दात हलायला लागून पडले, तेव्हा अबू वासिलने आपल्या कवळीवाल्याचा पत्ता स्वतःहून आणून दिला.

ओदेहने बांधावर अंजिराचं नवं रोप लावलं. दर ऑगस्टात पहिली टोपली तो स्वतः घेऊन यायचा आणि बसल्यावर एकच विचारायचा.

"तुला कळलं कसं रे?"

उम्म हायल आतून डोळे वटारायची, की सांगा एकदाचं. मुफ्लेह अंजीर सोलायचा आणि म्हणायचा, "खा. मऊ आहेत. मला हेच चावता येतं."

ओदेह २०१९ च्या नोव्हेंबरात, ऑलिव्ह उतरवता उतरवता गेला. मुफ्लेहने हिरडीचं त्याला सांगितलं नव्हतं. जमील १९९२ च्या फेब्रुवारीत, मोठा बर्फ पडला त्या आठवड्यात गेला. तेव्हा मुफ्लेह त्याच्याशी अडीच वर्षं बोलला नव्हता.