रंगनाथकाकांचा श्रोता

बदनापुरात आमच्या शेजारी राहणारे रंगनाथकाका रोज सकाळी कडुलिंबाला कविता वाचून दाखवायचे. स्वतःची. झाडासमोर उभं राहून चष्मा पुसायचे, घसा साफ करायचे आणि वाचून झालं की विचारायचे, "बराबर?"

झाडाला उठून जाता येत नाही, हा काकांचा मोठाच फायदा, असं मी म्हणायचो. शिवाय काका विजेच्या खात्यातले वायरमन. तारांच्या आड येणाऱ्या फांद्या तोडण्यात निम्मं आयुष्य गेलेलं, त्यामुळे झाड भीतीपोटीही ऐकत असणार. माणसं मात्र ऐकत नसत. काकांनी खिशातून कागद काढला की भल्याभल्यांना दळण आठवायचं. "फेज गेला, न्यूट्रल राह्यला, जीव माझा लोंबत राह्यला" ही कविता मी पूर्ण ऐकलीय, तीही त्यांनी माझा हात धरून ठेवला होता म्हणून.

सगळ्यांत आधी उठायच्या त्या काकू. दुसऱ्या ओळीला "दूध बघते" म्हणून आत गेल्या की परत येतच नसत. काका हसून उरलेली कविता भिंतीला ऐकवायचे.

मग काकूंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. काका नोकरी लवकर सोडून घरी बसले. स्वयंपाक, औषधं, मालिश, सगळं त्यांच्याकडे आलं. कडुलिंबाला कविता ऐकवणं तेव्हापासूनचं. येताना ते एक डहाळी आणून काकूंच्या उजव्या मुठीत ठेवायचे. ती गळून पडायची. दुसऱ्या दिवशी नवी.

एकदा मी न राहवून म्हणालो, झाडाला काय ऐकवता, काकू दिवसभर घरातच आहेत की.

काका म्हणाले, "तिला उठून जाता येत न्हाई आता. अशा माणसाला ऐकवणं म्हंजे जबरदस्ती."



चैत्रात कडुलिंबाला तांबूस पालवी फुटली. काकूंच्या पायात जोर आलाय असं डॉक्टर म्हणत होते, पण त्या उठायला धजत नव्हत्या. एका संध्याकाळी काकांनी मला ओट्यावर बोलावलं. काकूंना दाराशी खुर्चीत बसवलं आणि कागद काढला. चष्मा पुसून वाचायला लागले.

दुसऱ्या ओळीला काकूंनी डाव्या हाताने चौकट धरली, हळूहळू उठल्या आणि जड जिभेने म्हणाल्या, "दूध."

गॅसवर दूध नव्हतंच. मी आधाराला धावलो, तर काकांनी माझा शर्ट धरला. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ते हसत होते.

"जाऊ दे तिला," काका म्हणाले. "कविताच तशी हाय."