रिव्हर्स कुणी चोरला?

"विजयसिंह म्हणतात मला," असं म्हणून विजयसिंहांनी बशीतला चहा भुर्रकन ओढला. "वडवणीपासून माजलगावापर्यंत एक गाडी दाखव, जिची नाडी मला कळत न्हाई. माणूस खोटं बोलतो बे नाथा, गाडी न्हाई बोलत. आन् गाडी जे बोलती, ते ह्या दुनियेत एकाच कानाला ऐकू येतं. माझ्या उजव्या."

डावा कान एसटीच्या घंटीनं गेला होता. विजयसिंह जन्मभर कंडक्टर होते. ड्रायव्हरच्या पाठीमागं उभं राहून त्यांनी इतके गिअर पडताना ऐकले, की निवृत्त झाल्यावर आपण वाहनांचे गुप्तहेर आहोत, असा साक्षात्कार त्यांना झाला. स्वतःला सायकलसुद्धा येत नव्हती. पण ज्याला पोहता येत नाही तोच काठावरून जास्त ओरडतो, हे नाथाला माहीत होतं. तरी तो त्यांच्या दारी आला होता, कारण बुडणारा नाथाच होता.

नाथा सुंदररावांच्या जीपवर ड्रायव्हर. चार दिवसांपूर्वी सुंदरराव लेकीच्या, म्हणजे संस्कृतीच्या सोयरिकीसाठी माजलगावला घर बघायला गेले. पाव्हण्यांच्या अंगणात नाथानं जीप ऐटीत भिंतीपर्यंत नेऊन लावली. पोहे झाले, बोलणी झाली, निघायची वेळ झाली. रिव्हर्ससाठी दांड्यावरची रिंग उचलावी लागते, ती नाथानं नेहमीसारखी बोटांनी वर उचलली, दांडा ओढला, आणि रिव्हर्स काही पडेना. दहादा ओढला, घाम फुटला, तरी पडेना. शेवटी होणारे व्याही आणि त्यांचा मुलगा इस्त्रीच्या सदऱ्यांच्या बाह्या सारून जीप मागं ढकलू लागले. उतरावं की बसून राहावं हे न सुचल्यामुळं सुंदरराव आतच बसून राहिले.

मुलीच्या बापानं व्याह्याकडून गाडी ढकलून घेतली, ही गोष्ट जीपच्या आधी घरी पोचली.  दारात उतरताना सुंदरराव म्हणाले, "गिअर तुडवून तुडवून तू गाडी खाल्ली. बाजाराच्या दिवसापर्यंत रिव्हर्स पाड, न्हाई तर चावी ठेव."

संस्कृतीनं मात्र नाथाला बाजूला घेऊन विचारलं होतं, "पोरगा कसाय, दादा?"

"ढकलतो जोरात," नाथा म्हणाला. त्याला दुसरं काही आठवतच नव्हतं.

तर असा हा खटला. विजयसिंह सुंदररावांच्या अंगणात आले, जीपला एक प्रदक्षिणा घातली आणि आत चढले. गिअरच्या दांड्याला मनकर्णाबाईंनी, म्हणजे सुंदररावांच्या कारभारणीनं, नारायणगडाहून आणलेला दोरा आणि त्यावर लाल कापड बांधलं होतं. त्याला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय जीपमध्ये कुणी बसत नसे. विजयसिंहांनीही हात लावला, डोळे मिटले आणि मग तपासाला लागले.

"शेवटचा रिव्हर्स कधी पडलता?"

"नारायणगडावर. सावलीला लावायला मागं घेतलती."

"त्यानंतर काय झालं? बारीकसारीक सांग."

"काय न्हाई. काकूंनी दर्शन घेतलं, दोरा बांधला, प्रसाद दिला, आमी घरी आलो. मग डायरेक माजलगाव."

"म्हंजी काहीच झालं न्हाई," विजयसिंह म्हणाले आणि पुढच्या मुद्द्याकडं वळले.

ते जीपखाली शिरले. बराच वेळ नुसते पाय दिसत होते. मग आवाज आला, "जळका वास! गिअरचं ऑइल गळालं, आतले दात कोरडे पडले, घासून घासून जळाले. खटला संपला!" नाथानं ऑइल तपासलं तर काठोकाठ. वास स्वयंपाकघरातून येत होता. मनकर्णाबाईंची फोडणी करपली होती.

"मग क्लचप्लेट," खालूनच निकाल आला.

"क्लच गेला असता तर पहिला-दुसरा बी करकरला असता, मास्तर. ते तर लोण्यावाणी पडतात."

"तीच त्याची चाल हाय! प्लेट फकस्त मागं जाताना झिजती, म्हंजी संशय येत न्हाई."

प्लेटला एवढी अक्कल कुठून आली, हे विचारायचं नाथाच्या ओठांवर आलं होतं. पण गरजवंताला अक्कल नसते, म्हणून त्यानं पाना पुढं केला. मग त्यांनी गिअरच्या खालच्या सळ्या हलवून बघितल्या. कुठं ढिल्या नव्हत्या. एवढ्यावर दुसरा कुणी हरला असता. विजयसिंहांनी कपड्यांची धूळ झटकली आणि जाहीर केलं, की हा बिघाड नसून कट आहे.

"सुंदररावाचा दुश्मन कोण?"

"शहादेव. गेल्या विलेक्शनला इरोधात हुबं हुते."

"बास! साखर कारखान्याची मळी आणून गिअरबॉक्समधी वतली त्यानं. गोड बोलून काटा काढला."

दोघं शहादेवांच्या शेतावर गेले. शहादेव उसाला पाणी देत होते. विजयसिंहांचा पुरा आरोप ऐकून घेऊन ते म्हणाले, "गिअरबॉक्स कुठं असतो हे मला ठावं न्हाई. आन् ठावं असतं तर म्या पुढचे गिअर काढले असते ना. मागं जाणारा सुंदरराव मला कावून नको आसंल?"

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की विजयसिंहांनी त्यांच्याकडून दोन ऊस घेतले आणि परत आले.

बाजाराचा दिवस उजाडला. सुंदरराव पायरीवर बसले होते. विजयसिंह जीपच्या मागं, कडब्याच्या गंजीसमोर उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"दात पडलेत. रिव्हर्सच्या गिअरचे दात. अख्खा गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो. आता दात पाडले कुणी? ऑइल निर्दोष हाय. क्लच निर्दोष हाय. शहादेव बी निर्दोष हाय, लई गोड माणूस. उरला कोण? दांडा ज्याच्या हातात, तो!" आणि त्यांनी बोट रोखलं ते नाथावर.

नाथाला आधी वाटलं आपल्या मागं कुणीतरी उभं आहे. त्यानं वळूनसुद्धा बघितलं.

"मास्तर, म्या तुमाला बोलवलं हुतं!"

"कायद्यापुढं अशील बी माफ न्हाई," विजयसिंह म्हणाले.

"चावी ठेव," सुंदरराव म्हणाले.

नाथाला फार वाईट वाटलं. ही जीप त्यानं पोटच्या पोरासारखी धुतली होती. त्यानं चावी पुढं केली, तेवढ्यात मनकर्णाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"नाथाला काढला?"

"काढला."

"मग दोरा बी काढते." त्या तरातरा जीपमध्ये चढल्या. "म्या दोरा जीपला न्हवता बांधला. हा घाटाघाटानं गाडी चालवतो, त्याच्या जिवासाठी बांधलता. नव्या डायवरला त्याच्या आईनं बांधावा." त्यांनी लाल कापड सोडलं, खालच्या घट्ट गाठी दातांनी तोडल्या, आणि दोरा नाथाच्या हातात कोंबला.

नाथाचे डोळे भरून आले. "निदान दारातली गाडी बाजूला लावून जातो, अण्णा," तो कसाबसा म्हणाला आणि आत बसला. रिव्हर्स गेलाय हे त्या क्षणी तो विसरला. सवयीनं त्यानं रिंग उचलली, दांडा ओढला आणि क्लच सोडला.

जीप झोकात मागं गेली. विजयसिंह गंजीत गेले.

सगळे धावत दांड्यापाशी जमले. नाथानं रिंग वरखाली करून दाखवली. मनकर्णाबाईंनी दोऱ्यानं रिंग आणि दांडा मिळून असा आवळला होता, की रिंग जागची हलत नव्हती. वरचं कापड तेवढं बोटांबरोबर सरकायचं आणि रिंग उचलल्यासारखी वाटायची. आठवडाभर घरदार ज्याच्या पाया पडत होतं, चोर तोच निघाला.

गंजीतून डोक्यात कडबा घेऊन विजयसिंह उगवले. "पहिल्या दिवशीच म्या दोऱ्याला हात लावलता! तपास तवाच संपलता, फकस्त सांगायचा ऱ्हायलता."

सुंदररावांनी तिकडं कान दिला नाही. माफी मागायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती. त्यांनी चावीकडं पाहिलं, नाथाकडं पाहिलं आणि विजयसिंहांवरच डाफरले, "नाथाला काढला कुणी रे?" मग टोपी घातली. "चल नाथा. माजलगावला."

"काय काम हाय, अण्णा?"

"काम काय न्हाई. रिव्हर्स घ्यायचाय."

माजलगावात जीप अंगणात शिरताना दिसली, तसे पाव्हणे बाहेर आले आणि आत ओरडले, "आरं या रे सगळे, ढकलायला!" मुलानं तर चपला काढून बाह्यासुद्धा सारल्या.

"ऱ्हाऊ द्या," सुंदरराव राजासारखे म्हणाले.

नाथानं जीप भिंतीपर्यंत नेली आणि सरळ मागं घेतली. पुन्हा नेली, पुन्हा मागं घेतली. तिसऱ्यांदा तर तुळशीवृंदावन आणि बांधलेली म्हैस यांच्यामधून अशी अलगद काढली, की म्हशीनं रवंथसुद्धा थांबवलं नाही. अंगणातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पाव्हणे खूश झाले. सुंदररावांच्या खांद्यावर हात टाकून म्हणाले, "सोयरीक पक्की समजा. पण एक मागणं हाय. हा डायवर आमाला द्या."

सुंदररावांनी घाईघाईनं नाथाचं मनगट धरलं.

"पाव्हणं, पोरगी द्यायला आलोय. डायवर न्हाई."