तिसऱ्या परीक्षकाचा एक गुण

गणराज म्हात्रे स्वतःची ओळख उभं राहूनच करून देत. बसून ती मावत नसे. "अलिबाग ते आगरदांडा पट्ट्यातला एकमेव शास्त्रोक्त गुप्तहेर," ते म्हणत. बस आगारात हरवलेल्या वस्तूंचं कपाट एकोणतीस वर्षं सांभाळलं की माणसाला नजर येते, असा त्यांचा दावा होता. त्या काळात त्यांच्या स्वतःच्या तीन छत्र्या हरवल्या, पण तो तपास अजून चालू आहे.

त्या दुपारी शेजारची सुचिता पाटील गुणांच्या यादीचा कागद घेऊन त्यांच्या ओटीवर आली. खाऱ्या जमिनीत तगणाऱ्या जुन्या भातांच्या संशोधनासाठी तिने 'किनारा निधी'कडे प्रस्ताव दिला होता. तिथे तीन परीक्षक नाव गुप्त ठेवून दहा-दहापैकी गुण देत. तीसपैकी वीस मिळाले की निधी मंजूर. तिला मिळाले एकोणीस. नऊ, नऊ आणि एक.

"काका, पाच वाजता यादी पक्की होणार. यंदा पेरलं नाही तर ते बी रुजायचं नाही. नऊ गावं फिरून जमवलंय मी." तिला रडू आवरत नव्हतं.

गणराजांनी भिंग काढलं. तिसऱ्या परीक्षकाचा शेरा होता, 'उत्तम.'

"शेरा उत्तम आणि गुण एक. म्हणजे गोड बोलून सूड घेणारा माणूस. शिवाय डावखुरा."

"शेरा टाइप केलाय, काका."

"डाव्या हाताने."

पण एक अडचण होती. त्याच कागदावर 'किनारपट्टीवरील चोऱ्यांचा शास्त्रोक्त अभ्यास' हा खुद्द गणराजांचाही प्रस्ताव होता. बाकी दोघांनी त्याला दोन-दोन गुण दिले होते. तिसऱ्याने मात्र पाच दिले होते, त्याच्या यादीतले सर्वांत जास्त. एवढ्या जाणकार माणसाला गुन्हेगार ठरवणं गणराजांच्या जिवावर आलं. त्यांनी संशय निधीच्या सचिवावर, सुजितवर वळवला आणि सुचिताच्या स्कूटरवर मागे बसून कार्यालय गाठलं.

"आकडा कुणी बदलला?" त्यांनी सुजितला दरडावलं.

सुजितने संगणकावर मूळ तक्ता उघडून दाखवला. आकडा तोच होता.

"मग संगणक फितूर आहे."

चहा घेऊन आलेल्या नीराबाई तिथेच थांबल्या. "तिसऱ्यानं कुनाकुनाला किती दिलंत?"

"तीन, एक, पाच, दोन, चार," सुजितने वाचलं.

"मंग? होड्यांच्या शर्यतीला मी पन असंच लिवते. पयली आली तिला एक, समद्यांत मागं राह्यली तिला पाच. त्यानं गुण दिलेच न्हाय. पयला-दुसरा लावलाय."

सुजित आतल्या खोलीत गेला, दार लावून फोन केला आणि हसत बाहेर आला. तिसरे परीक्षक पहिल्यांदाच या कामाला बसले होते. आता त्यांनी सगळ्यांना नव्याने गुण दिले होते, सुचिताला दहा. घड्याळात पावणेपाच झाले होते.

सुचिताने नीराबाईंना मिठी मारली. निम्मा चहा सांडला, पण कुणाला फिकीर नव्हती. गणराज मात्र बोटं मोजत बसले होते.

"म्हणजे माझा पाच..."

"शेवटचा, काका," सुचिता हळूच म्हणाली. त्यांचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. "पण माझ्या शेताला डोळ्यांत तेल घालून राखण करणारा कुणीतरी लागेल. याल?"

गणराज ताठ उभे राहिले. "संशयित कोण?"

"चिमण्या."

त्यांनी खिशातून डायरी काढली आणि गंभीर चेहऱ्याने लिहिलं, 'टोळी मोठी आहे.'